यवतमाळ जिल्ह्यातील ग्रामजीवन व भूधारणा

यवतमाळ जिल्ह्यातील ग्रामजीवन व भूधारणा : विदर्भातील यवतमाळ जिल्ह्याच्या खेड्यांची घडण, त्यांतील जमीनधारणेच्या पद्धती आणि या दोहोंत सु. दीडशे वर्षांत झालेली स्थित्यंतरे यांचा येथे विचार केला आहे. जिल्ह्याचे क्षेत्रफळ १३,५८२ चौ. किमी. असून लोकसंख्या २७,७२,३४८ (२०११) होती. तीपैकी सु. ७८ टक्के लोक ग्रामीण भागात राहत होते. जिल्ह्यात दोन हजारांहून अधिक महसुली गावे आहेत. त्यांपैकी कित्येक गावांची शेती फार प्राचीन नाही. ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रान तोडून व ओसाड जमीन पुन्हा वहितीस आणून उभी राहिली. या काळात शेतकऱ्यास जमिनीवर कायदेशीर हक्क मिळाला. परंतु त्याच हक्कामुळे जमीन तारण ठेवण्याजोगी व विकण्याजोगी झाली. जमीन कसणारा एक आणि दप्तरी नाव दुसऱ्याचे, ही विसंगती तेव्हापासून येथील ग्रामीण इतिहासात पुनःपुन्हा आढळते.

भूप्रदेश : जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरून वर्धा व दक्षिण सीमेवरून पैनगंगा या नद्या वाहतात. मध्यभागी बालाघाटच्या डोंगररांगांचे फाटे असून यवतमाळ शहर या पठारी भागावर वसले आहे. बेंबळा, अडाण, अरुणावती, पूस, वाघाडी, खुनी व निर्गुडा या इतर नद्या होत. नदीकाठच्या पट्ट्यांत खोल काळी जमीन, तर डोंगरउतारांवर हलकी, मुरमाड व 'बरड' जमीन आढळते. पाऊस मुख्यतः नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांपासून मिळतो व तो पश्चिमेकडून पूर्वेकडे वाढत जातो. ओलिताची सोय थोडी असल्याने शेती बव्हंशी कोरडवाहू आहे. मृग नक्षत्र वेळेवर लागले की नाही, आणि ऐन पेरणीनंतर पावसाने किती दिवस ताण दिला, यांवर वर्षाचे उत्पन्न अवलंबून असते.

काळी, पांढरी व रान : गावाच्या भूमीचे लोकव्यवहारात दोन भाग मानले जातात. वस्तीची जागा ती 'पांढरी' व पिकाची जमीन ती 'काळी'. पांढरीत पाटलाचा वाडा, चावडी, मारुतीचे देऊळ, कारागिरांची घरे व गावकुसालगत अस्पृश्य मानलेल्या जातींची वस्ती अशी रचना असे. काळीत शेते असून दोन शेतांमधील बांधास या भागात 'धुरा' म्हणतात. धुऱ्यावरची बाभूळ, निंब वा मोह यांची झाडे सीमा दाखवीत आणि औजारे, सरपण व चाराही पुरवीत. या दोहोंपलीकडे रान असे. गुरांची चराई, घरासाठी लाकूड, छपरासाठी गवत, मोहफुले, चारोळी, डिंक व तेंदूची पाने ही सर्व रानातून मिळत. म्हणून येथील खेड्याच्या भूमीचा हिशोब काळी, पांढरी व रान अशा तिन्ही अंगांनी करावा लागतो. यांतील एकाचा विस्तार झाला की दुसऱ्याचा संकोच होतो, हे पुढील इतिहासावरून स्पष्ट होईल.

पूर्वेतिहास : अकबराच्या काळात मोगलांनी वऱ्हाड जिंकल्यावर (१५९६) या प्रदेशाचा बराचसा भाग वऱ्हाड सुभ्यातील कळंब व माहूर या सरकारांत मोडत होता. आईन-इ-अकबरीत त्यांचे उल्लेख आहेत. वणीकडील मुलखावर चांद्याच्या गोंड राजांचा प्रभाव होता. परगण्याच्या पातळीवर देशमुख व देशपांडे आणि गावाच्या पातळीवर पाटील व पटवारी हे वंशपरंपरागत वतनदार महसुलाची व्यवस्था पाहत. अठराव्या शतकात नागपूरकर भोसले व हैदराबादचा निजाम या दोघांचा अंमल येथे एकाच वेळी चाले. या 'दुअमली'त एकाच गावाकडून दोन सत्तांचे अधिकारी वसूल मागत. १८०३ मधील देवगावच्या तहाने व पुढे १८२२ मधील तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख निजामाकडे गेला. दरम्यान एप्रिल १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाच्या सैन्याचा पांढरकवड्याच्या परिसरात इंग्रजांकडून मोड झाला.

निजामाच्या राजवटीत वसुलाचे मक्ते देण्याची पद्धत बोकाळली. पामर आणि कंपनी, पूरणमल, पेस्तनजी यांसारख्या हैदराबाद दरबाराच्या सावकारांकडे वऱ्हाडच्या महसुलाचे हवाले होते. मक्तेदारास मुदतीच्या आत जास्तीत जास्त पैसा काढावयाचा असल्याने त्याचा भार अखेरीस रयतेवर पडे. ज्या गावावर आकार अवजड होई, तेथील कुणबी बैल व बिऱ्हाड घेऊन शेजारच्या परगण्यात जात आणि गाव ओस पडे. अशा उजाड गावास 'रीठ' म्हणतात. आजही अनेक शिवारांत घर नसलेले, पण वेगळे नाव व वेगळी हद्द असलेले रीठ महसुली दप्तरात आढळते. त्या काळी जमीन मुबलक व कसणारा दुर्मिळ होता. साहजिकच जमिनीची मालकी हा वादाचा विषय नव्हता. कसणाऱ्या हातांना गावात टिकवून ठेवणे हीच पाटलाची खरी चिंता होती.

मोजणी व रयतवारी : हैदराबादच्या तैनाती फौजेच्या खर्चापोटी निजामाने १८५३ मध्ये वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यवस्थेखाली दिले. १८६४ मध्ये आग्नेय भागाचा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला. तो पुढे 'वूण' म्हणजे वणी या नावाने ओळखला जाई. १९०२ मध्ये वऱ्हाड कायम पट्ट्याने ब्रिटिशांकडे आले व त्याबद्दल निजामास दरवर्षी २५ लाख रुपये देण्याचे ठरले. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांतास जोडण्यात आले. १९०५ मध्ये पुसद तालुका समाविष्ट होऊन जिल्ह्यास यवतमाळ हे नाव मिळाले.

वऱ्हाडात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी १८६१ पासून सुरू झाली. शेजारच्या नागपूर प्रांतात मालगुजारास गावाचा मालक मानले गेले. वऱ्हाडात मात्र सरकारचा व्यवहार प्रत्येक खातेदाराशी थेट राहिला. वर्धा नदीच्या दोन तीरांवरील खेड्यांचा इतिहास या एका निर्णयामुळे निराळा झाला. मोजणीत प्रत्येक शेतास क्रमांक देऊन हद्दीवर दगड व मातीच्या खुणा उभारण्यात आल्या. मातीचा रंग, खोली व दोष पाहून जमिनीची प्रतवारी आण्यांत ठरविण्यात आली. बाजाराचे अंतर व हवामान यांनुसार गावांचे गट पाडून दर बसविण्यात आले. आकार तीस वर्षांसाठी कायम केला जाई आणि शेतकऱ्याने स्वखर्चाने विहीर खोदली वा बांध घातला, तर त्या सुधारणेवर जादा आकार घेतला जात नसे. खातेदारास जमीन वारसांकडे सोपविण्याचा, विकण्याचा, गहाण ठेवण्याचा किंवा राजीनामा देऊन सोडण्याचा अधिकार मिळाला.

या व्यवस्थेने मक्तेदारी संपली व रयतेस स्थैर्य आले, यात संशय नाही. तथापि महसूल रोख व ठरलेल्या हप्त्यांनीच भरावा लागे. पीक बुडाले तरी हप्ता टळत नसे. सूट मिळे ती अपवादाने. पूर्वी संकटकाळी गाव सोडून जाणारा कुणबी आता जमीन गहाण टाकून गावातच राहू लागला.

इजारा गावे : जिल्ह्याच्या भूधारणेत सर्वांत वैशिष्ट्यपूर्ण अशी ही पद्धती आहे. मोजणीच्या वेळी जिल्ह्यात विस्तीर्ण प्रदेश पडीक व झाडीने व्यापलेला होता. तो लागवडीस यावा म्हणून १८६५ मध्ये पडीक जमिनींविषयी नियम करण्यात आले. त्यांन्वये संपूर्ण ओसाड गाव तीस वर्षांच्या कराराने इजाऱ्याने दिले जाई. आरंभी आकार अल्प असे व तो क्रमाने वाढत जाई. ठरलेल्या प्रमाणात जमीन वहितीस आणणे, ही इजारदारावरील मुख्य अट होती. मुदत संपल्यावर अटी पाळणाऱ्या इजारदारास सवलतीच्या आकारावर गाव कायम धारण करण्याची मुभा होती. वऱ्हाडातील अशा गावांपैकी बहुतेक या जिल्ह्यात होती. अनेक गावांच्या नावांपुढे 'इजारा' हा शब्द महसुली दप्तरात अद्याप लागतो, तो याच इतिहासाचा अवशेष होय.

इजारा घेणाऱ्यांत देशमुख, सावकार, व्यापारी व नोकरीपेशातील मंडळी होती. प्रत्यक्ष रान तोडण्याचे, खुंट काढण्याचे व नव्या जमिनीत पहिली वखरणी करण्याचे काम मात्र कुणबी, गोंड, कोलाम, आंध, बंजारा, महार व इतर जातिजमातींच्या कुटुंबांनी केले. रयतवारी गावातील खातेदारास मिळालेले हक्क या कुळांना सुरुवातीस नव्हते. गाव इजारदाराचे व ती त्याची कुळे, असा संबंध होता. एकाच जिल्ह्यात, एकाच नाल्याच्या दोन काठांवर, एक शेतकरी खातेदार तर दुसरा मर्जीवरचे कूळ, अशी विषमता त्यामुळे निर्माण झाली. पुढे १८९६ व १९२८ च्या वऱ्हाड जमीन महसुलाच्या कायद्यांनी धारणेचे नियम निश्चित केले. इजारा, जहागीर व पाळमपट यांचे पूर्ण उच्चाटन १९५० च्या मालकी हक्क निर्मूलन अधिनियमाने झाले. तो अधिनियम ३१ मार्च १९५१ पासून अंमलात आला.

कापूस, बाजार व कर्ज : अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) इंग्लंडच्या गिरण्यांना होणारा कापसाचा पुरवठा तुटला व वऱ्हाडी कापसाचे भाव चढले. १८६७ मध्ये मुंबईहून नागपूरपर्यंत लोहमार्ग पोहोचला. धामणगाव हे अमरावती जिल्ह्यातील स्थानक यवतमाळकडील कापसाच्या गाड्यांचे प्रमुख ठिकाण बनले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत मूर्तिजापूर–यवतमाळ हा अरुंदमापी लोहमार्ग झाला. तो 'शकुंतला' या नावाने लोकप्रिय होता. त्यावरील वाहतूक आता थांबली आहे. यवतमाळ, वणी, दारव्हा, दिग्रस, पुसद व पांढरकवडा येथे सरकी काढण्याचे व गाठी बांधण्याचे कारखाने निघाले. बाजारातील वजनमापे व दलाली यांवर नियंत्रण ठेवण्यासाठी १८९७ मध्ये वऱ्हाडात कापूस व धान्य बाजारांचा कायदा करण्यात आला. या विषयावरील भारतातील आरंभीच्या कायद्यांत त्याची गणना होते.

कापूस हे रोख पीक असल्याने महसुलाचा हप्ता भरण्यास ते सोयीचे ठरले. ज्वारीचे क्षेत्र त्या मानाने आक्रसले. भाव चढे असताना जमिनीची किंमत वाढली व तिच्या तारणावर कर्जही सहज मिळू लागले. बियाणे व खावटीसाठी धान्य 'सवाई' किंवा 'दिढी'ने काढले जाई. म्हणजे सुगीला ते सव्वापट वा दीडपट परत करावे लागे. १८९६–९७ व १८९९–१९०० या दोन दुष्काळांनी वऱ्हाडातील शेतकऱ्यांची स्थिती खालावली. पुढे १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत कापसाचे भाव कोसळले. या प्रत्येक अरिष्टात पुष्कळ जमिनी सावकारांकडे गेल्या आणि जुने खातेदार आपल्याच शेतात बटईदार झाले. मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारने १९३३ मध्ये कर्ज तडजोडीचा व १९३४ मध्ये सावकारीविषयक कायदा केला. मात्र गेलेली जमीन परत मिळण्याची उदाहरणे त्या मानाने थोडी होती.

गावगाडा : पाटील हा गावचा प्रमुख. वऱ्हाडात महसुलाचा व पोलीसकामाचा पाटील असे दोन अधिकार असत. लहान गावात ते एकाच व्यक्तीकडे येत. पटवारी शेतांचे व पेऱ्याचे दप्तर राखी. महार वतनदार वर्दी देणे, हद्दीची माहिती सांगणे, वसूल पोचविणे व गावाची राखण अशी कामे करीत. हद्दीच्या तंट्यात त्यांची साक्ष प्रमाण मानली जात असूनही त्यांच्या वाट्यास जमीन अल्प व अवहेलना अधिक आली. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट, मांग, गुरव व जोशी यांना सुगीच्या वेळी खळ्यावर धान्य मिळे. जमीन, कसब व सेवा यांची ही सांगड परस्परावलंबनाची होती, तशीच ती उच्चनीचतेचीही होती. रोख मजुरीचा प्रसार, कारखान्याच्या वस्तू व जातिभेदाविरुद्ध झालेली जागृती यांमुळे ती विसाव्या शतकात मोडत गेली. डॉ. आंबेडकरांच्या चळवळीने महार वतनाच्या गुलामगिरीवर थेट आघात केला. १९५६ मध्ये नागपूर येथे झालेल्या धर्मांतरानंतर जिल्ह्यातील महार समाज मोठ्या संख्येने बौद्ध झाला. महाराष्ट्रात महसुली पाटलाची वंशपरंपरागत पदे १९६२ च्या अधिनियमाने रद्द झाली. त्यांचे व पटवाऱ्याचे काम आता तलाठी पाहतो. पूर्वीचे महत्त्व ग्रामपंचायत, सहकारी सोसायटी व जिल्हा परिषद (१९६२) यांकडे गेले.

भूमिहीनांत 'सालदार' हा महत्त्वाचा वर्ग होय. गुढीपाडवा किंवा अक्षय्य तृतीयेच्या सुमारास त्याचा वर्षाचा करार ठरे. धान्य, कपडा व काही रोख रक्कम हा त्याचा मोबदला असे. लग्नकार्यासाठी घेतलेली उचल फिटेपर्यंत तो एकाच घरी राबत राही. जमीन भाड्याने कसण्याचे दोन प्रकार प्रचलित आहेत. 'बटई'त पीक वाटून घेतात. खर्चाची वाटणी बोलीप्रमाणे ठरते. 'मक्त्या'त ठराविक रोख रक्कम आगाऊ द्यावी लागते, त्यामुळे पाऊस न आल्यास सर्व तोटा कसणाऱ्यावर पडतो.

कृषिवर्ष : उन्हाळ्यात वखरणी करून व धसकटे वेचून जमीन तयार केली जाते. मृगात तिफणीने पेरणी होते. पूर्वी कपाशीच्या ओळींमध्ये तूर व शेजारी ज्वारी असा मिश्र पेरा रूढ होता; एक पीक गेले तर दुसरे हाती लागावे हा त्यामागील हेतू. पीक वर आल्यावर पुरुष डवरणी व स्त्रिया निंदण करतात. श्रावण अमावास्येच्या पोळ्यास बैलांची पूजा होते. आदल्या दिवशी त्यांचे खांदे तूप-हळदीने शेकतात. पोळ्याच्या तोरणाखाली 'झडत्या' म्हणण्याची चाल आहे. सावकार, सरकार व पाऊस यांना उद्देशून केलेली मार्मिक टीका झडत्यांत आढळते. आश्विनानंतर कापूस फुटतो. वेचणीच्या वेळी शेतात दहीभात वाहून 'सीतादही' करण्याची प्रथा आहे. वेचणीचे काम जवळजवळ सर्वस्वी स्त्रिया करतात. असे असूनही जमिनीच्या दप्तरात त्यांचे नाव क्वचितच असे. शेतकरी संघटनेने शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली सु. १९९० पासून चालविलेल्या 'लक्ष्मीमुक्ती' कार्यक्रमात पत्नीच्या नावे जमीन करून देण्याचा आग्रह धरण्यात आला, तो याच उणिवेमुळे.

ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, बेसन व अंबाडीची भाजी हा नेहमीचा आहार होता. घरे मातीच्या भिंतींची असून त्यांवर कवेलू किंवा गवताचे छप्पर असे. सिमेंट व पत्रे यांचा वापर विसाव्या शतकाच्या अखेरीपासून वाढला.

पोड, तांडा व रान : जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सु. १८.५ टक्के (२०११) होते. गोंड, कोलाम, आंध व परधान या प्रमुख जमाती होत. कोलामांच्या वस्तीस 'पोड' म्हणतात. पोड बहुधा मूळ गावापासून दूर, रानालगत असून घरे कुडाची व शेणामातीने सारवलेली असतात. कोलामी ही द्राविडी भाषाकुलातील बोली आहे. जमिनीचा तुकडा काही वर्षे कसून तो विश्रांतीसाठी सोडण्याची रीत जोवर रान मोकळे होते तोवर चालली. बंजारे पूर्वी बैलांच्या तांड्यांवरून धान्य व मीठ यांची वाहतूक करीत. लोहमार्गांनी तो व्यवसाय बुडाला आणि त्यांनी पुसद, दिग्रस, दारव्हा या भागांत 'तांडे' वसवून शेती व मजुरी पत्करली. तांड्याचा प्रमुख तो 'नायक'.

१८८६ च्या वऱ्हाड वन कायद्यानंतर जंगलांची वर्गवारी होऊन राखीव क्षेत्रांत चराई, गवत व लाकूड यांवर निर्बंध आले. गावाला मोफत मिळणारी वस्तू परवान्याची झाली. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळ राखीव जंगलातील गवत कापून सत्याग्रह केला. मिठाचा समुद्र जवळ नसलेल्या या प्रदेशात गवताची पेंढी हेच कायदेभंगाचे साधन ठरले, कारण गवताचा प्रश्न प्रत्येक गुरे पाळणाऱ्याच्या दारचा होता. गावाच्या चराईसाठी राखलेल्या सरकारी जमिनीस वऱ्हाडात 'ई-वर्ग' (ई-क्लास) जमीन म्हणतात. भूमिहीनांनी ती पोटासाठी वहितीस आणली. सार्वजनिक चराई व गरिबाची शेती यांतील हा पेच आजही गावागावांत आढळतो.

स्वातंत्र्योत्तर कायदे : १९५६ पर्यंत जिल्हा जुन्या मध्य प्रदेश राज्यात होता, नंतर तो द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० पासून महाराष्ट्रात आहे. मालकी हक्क निर्मूलनानंतर १९५१ मध्ये वऱ्हाडातील शेतपट्ट्यांचे नियमन करणारा कायदा झाला. १९५४ च्या मध्य प्रदेश जमीन महसूल संहितेने 'भूमिस्वामी' व 'भूमिधारी' असे धारकांचे वर्ग केले. १९५४-५५ मध्ये तयार झालेले अधिकार अभिलेख मालकीच्या वादात अजूनही पाहिले जातात. विदर्भासाठी १९५८ मध्ये कूळवहिवाट अधिनियम आणि राज्यभर १९६१ मध्ये कमाल जमीनधारणा अधिनियम झाला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ अन्वये जुने वर्ग भोगवटादारांच्या पहिल्या व दुसऱ्या वर्गांत विलीन झाले.

कूळकायद्याने अनेकांना मालकी मिळाली. तथापि कायदा येण्यापूर्वी वा आल्यावर कुळांकडून राजीनामे घेणे, जमीन स्वतः कसण्यासाठी परत मागणे व कुटुंबात वाटण्या दाखविणे हेही घडले. त्यानंतर बटई संपली नाही. ती तोंडी झाली. कागदावर कूळ दिसू नये म्हणून बटईदार दरवर्षी बदलण्याची चाल पडली. आदिवासींच्या जमिनी बिगर-आदिवासींकडे गेल्याचे प्रमाण मोठे असल्याने १९७४ चा जमीन प्रत्यार्पण अधिनियम करण्यात आला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळातील हस्तांतरे त्याच्या कक्षेत आली. वनहक्क मान्य करणाऱ्या २००६ च्या अधिनियमाने रानालगतच्या पोडांना वहितीचा व सामूहिक वनांचा दावा करण्याचा मार्ग खुला झाला.

अलीकडील स्थित्यंतरे : पुसदजवळील गहुली येथील वसंतराव नाईक हे १९६३ ते १९७५ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. संकरित ज्वारी व सुधारित बियाण्यांच्या प्रसारास त्यांनी चालना दिली. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांनी मजुरांना आधार दिला; त्या योजनेचा कायदा १९७७ मध्ये झाला. १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. हमखास गिऱ्हाईक व एकसमान भाव हे तिचे गुण, तर चुकाऱ्यास होणारा विलंब व वाढता तोटा हे दोष होते. एकविसाव्या शतकाच्या आरंभी ती संपुष्टात आली. पूस, अरुणावती, बेंबळा व इसापूर येथील धरणांनी काही क्षेत्र ओलिताखाली आले. त्यांच्या बुडिताखाली गावेही गेली. वणी परिसरात कोळशाच्या खाणींनी सुपीक शेते घेतली.

संकरित कपाशीनंतर २००२ मध्ये बीटी कपाशीस परवानगी मिळाली. बियाणे, खते व कीटकनाशके ही सर्व दरवर्षी विकत आणावी लागू लागली. ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली. त्याबरोबर कडबा घटला व बैल ठेवणे परवडेनासे झाले. मिश्र पेऱ्याने मिळणारे संरक्षणही कमी झाले. १९९० नंतरच्या दशकापासून जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या आत्महत्या वाढल्या व यवतमाळचे नाव देशभर या शोकांतिकेशी जोडले गेले. २००६ मध्ये केंद्र शासनाने विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. त्यांत यवतमाळचा समावेश होता. २००८ मध्ये देशव्यापी कर्जमाफी झाली. २०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने कपाशीचे मोठे नुकसान केले. त्याच हंगामात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले.

या संकटात जमिनीच्या दप्तराचे महत्त्व प्रकर्षाने दिसून आले. पीककर्ज, कर्जमाफी, पीकविमा व नुकसानभरपाई यांचा लाभ सर्वसाधारणपणे सात-बाऱ्यावर नाव असणाऱ्यास मिळतो. तोंडी बटईने कसणारा, पतीच्या नावाच्या शेतात राबणारी स्त्री, पट्टा न मिळालेला ई-वर्ग जमिनीचा कास्तकार व वनहक्काचा दावा प्रलंबित असलेला कोलाम, हे सर्व पेरणीची जोखीम पत्करतात. परंतु नुकसानीच्या यादीत त्यांची नोंद सहसा होत नाही. रयतवारीने ज्यास खातेदार मानले त्याचा व ज्याने प्रत्यक्ष वखर धरला त्याचा भेद दीडशे वर्षांनंतरही मिटलेला नाही. जिल्ह्याच्या भूधारणेचा हा अपूर्ण राहिलेला भाग असून येथील शेतीच्या कोणत्याही सुधारणेचे यश, कसणाऱ्याचे नाव दप्तरात कितपत येते, यावर मुख्यतः अवलंबून राहील.